स्टेप हरवतात म्हणून 17,600 घेतले, दोष निघाला ग्रब स्क्रूत

शिरोली एमआयडीसीत माझा लाकूड कोरायचा सीएनसी राऊटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आहे. गेल्या महिन्यात त्याचा एक्स ॲक्सिस, म्हणजे आडवा सरकणारा भाग, झिरोवर परत येईना. सागवानी देवघराच्या दारावरची वेल दुसऱ्या पासला 3 मिलिमीटर सरकली, 11,200 चं लाकूड वाया गेलं.

बोलावलेल्या इंजिनिअरने ॲक्सिस दोनदा जॉग केला, म्हणजे बटणाने पुढेमागे हलवला, नि म्हणाला, "ड्रायव्हर गेले, दादा." ड्रायव्हर म्हणजे मोटरला करंट आणि पल्स देणारे इलेक्ट्रॉनिक डबे; ते बिघडल्याने मोटरच्या स्टेप, म्हणजे ठरलेली पावलं, हरवतात असं त्याचं म्हणणं. व्हिजिटचे 1,500, दोन ड्रायव्हरचे 9,600, 'ट्यूनिंग'चे 6,500. बिल मागितलं, तर "नंतर पाठवतो." तिथेच थांबवा अशा माणसाला!

जुने ड्रायव्हर टेस्टिंगला म्हणून नेले, दोन दिवसांनी 'नवे' आणले. तो बसवत होता, मी टॉर्च धरून उभा. एकाच्या कडेला निळी तिरकी रेघ दिसली. वायरिंग करताना मार्करने मीच लिहिलेल्या 'एक्स'ची ती रेघ, थिनरने पुसूनही उरलेली. मी पाहिलं आणि गप्प बसलो. दहा वर्षं मशीन चालवतोय, अडाणी नाही. पण गिऱ्हाईक रोज फोन करत होतं, मला मशीन फक्त चालू हवं होतं. ड्रायव्हर काढू देण्याआधी सीरियल नंबरचा फोटो घ्या.

जाताना त्याने ॲक्सिलरेशन निम्मं करून ठेवलं होतं, म्हणून चार दिवस बरं चाललं. स्टेपर मोटर ओपन लूप, म्हणजे भाग खरंच जागेवर पोचला का हे मशीन तपासत नाही. शाफ्ट घसरला तरी स्क्रीनवर शून्यच दिसतं. शेवटी मी मोटरचा शाफ्ट आणि तो पुढच्या भागाला जोडणारं कपलिंग, दोन्हींवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढली. तासाभरात रेघ तुटली. कपलिंग शाफ्टवर आवळून धरणारा ग्रब स्क्रू ढिला! अडीच एमएमची ॲलन की, दोन मिनिटांचं काम. रेघ जुळलेली राहून माप चुकलं, तरच ड्रायव्हरचा करंट, ॲक्सिलरेशन, पल्स सेटिंग बघा.

चौकीत म्हणाले, "पैसे तुम्हीच दिलेत, हा दिवाणी मामला." दुसऱ्या दिवशी साहेब नव्हते. तिसऱ्या दिवशी अर्ज नव्या नमुन्यात मागितला. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक तक्रारीच्या ऑफिसात तर ऐकवलं, मशीन धंद्याचं, तुम्ही ग्राहकच नाही! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला ग्राहक धरलंय, हे मी त्यांना छापील पान दाखवून सांगितलं. पान परत दिलं, "वकील घेऊन या."

त्या माणसाचा फोन बंद आहे. निळ्या रेघेचा फोटो तिसऱ्या अर्जाला जोडलाय, पोच अजून दिलेली नाही.