पैसे भरून घेतलेला पीक-सल्ला: जून ते फेब्रुवारीचा अनुभव

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी-चिकोडी पट्ट्यात सोयाबीन आणि उसाला खासगी सल्ला सेवा लावून नऊ महिने झाले. एकरी वर्गणी, फोटो पाठवला की फोनवर उत्तर, हंगामात ठरलेल्या भेटी आणि माती परीक्षण, असा तिचा साचा.

पैसे वसूल झाले ते माती परीक्षणात. पण नमुना नीट घेतला तरच. खत टाकण्याआधी, बांध, झाडाखालची जागा आणि शेणखताचा ढीग सोडून, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्यायचा. सोयाबीनला १५ ते २० सेंटीमीटर खोल, उसाला ३० पर्यंत. माती एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचं. एकाच खड्ड्यातली माती दिली तर रिपोर्ट त्या खड्ड्याचाच येतो.

रिपोर्टमध्ये नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) किलोत लिहून येतं आणि शेतकऱ्याला हवी असतात पोती. समजा उसाला एकरी १०० किलो नत्र आणि ३० किलो स्फुरद सांगितलं. ३० किलो स्फुरदाला डीएपी (नत्र-स्फुरद दोन्ही असलेलं खत) ६५ किलो लागतं, त्यातून १२ किलो नत्र मिळतं. उरलेल्या ८८ किलोला युरिया साधारण १९१ किलो, म्हणजे ४५ किलोची सव्वाचार पोती. डीएपीतलं नत्र वजा न करता युरिया धरला की २६ किलो जादा पडतो. सेवेनं हा हिशेब करून द्यायलाच हवा, त्याचेच तर पैसे घेतात. मागितल्याशिवाय देत नाहीत.

फोटोवरचं निदान मात्र कच्चं. सोयाबीनचा तांबेरा हा बुरशीचा रोग खालच्या पानांवर, पानाच्या पाठीमागून सुरू होतो, आणि फोटो जातो वरून काढलेला. जिवाणूजन्य पुरळही लांबून तसाच दिसतो. पानाच्या पाठीवर पांढरा कपडा घासून बघा. विटकरी भुकटी लागली तर तांबेरा, नाही लागली तर बुरशीनाशकाचे पैसे वाचले. खरा तांबेरा असेल तर हेक्झाकोनॅझोल ५ टक्के ईसी हे बुरशीनाशक लिटर पाण्याला १ मिली. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर १६ लिटरचे बारा-तेरा फवारणी पंप होतात. लोक सहा-सात पंपांत एकर उरकतात, खालची पानं कोरडीच राहतात आणि मग दोष औषधाला. मुळात जेएस ३३५ या वाणाऐवजी धारवाड कृषी विद्यापीठाचं तांबेऱ्याला तग धरणारं डीएसबी २१ हे वाण पेरा, हा सल्ला पेरणीआधी यायला हवा. फवारणीच्या वेळी तो कळून काय उपयोग?

पैसे द्यायला या भागात कुणाची ना नाही. शंका एवढीच की सल्ला देणाऱ्याचं पोट कशावर चालतं. दुकानदार फुकट सांगतो, त्याची फी औषधाच्या बिलात आणि उधारीत असते. वर्गणी घेऊनही जो माणूस ठरावीक कंपनीचंच टॉनिक लिहून देतो, तो दोन्हीकडून घेतो. चिठ्ठीवर ब्रँड नको, औषधातला घटक आणि टक्केवारी लिहून मागा. साखर कारखान्याचा शेतकी माणूस बरा, पण त्याचं लक्ष नोंदलेल्या उसापुरतं.

खानापूरच्या भातवाल्याला हे सगळं जमणार नाही. चार ठिकाणी विखुरलेले गुंठे, त्यात जंगलाकडच्या गावांत रेंजची बोंब. तिथं भेट देणं कुठल्याच खासगी सेवेला परवडत नाही. म्हणून रैत संपर्क केंद्र, म्हणजे सरकारी शेती सल्ला केंद्र, बंद करून सगळं कंपन्यांकडे द्या म्हणणाऱ्यांनी आधी तिकडं फिरून यावं. केंद्रातही मराठी शेतकऱ्याची अडचण आहेच: कागद कन्नडमध्ये, आकडे तेवढे वाचता येतात. खासगी सेवेनं मराठीत लिहून दिलं, हा तिचा खरा गुण. साध्या शंकेला किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ सकाळी ६ ते रात्री १० चालू असतो, फुकट.

आणखी एक गंमत. वर्गणी एक जण भरतो, मेसेज गल्लीभर फिरतो. हवामानाचा असेल तर फिरू दे. खताचा मात्र दुसऱ्याच्या रानात वापरू नका, तो पहिल्याच्या मातीवरून काढलेला असतो. पुढच्या वर्षी वर्गणी भरताना निम्मी जूनमध्ये द्या, निम्मी भेटी मोजून.