दुसरं लग्न कुठं लावायचं: त्याच्या चर्चमध्ये, आपल्या चर्चमध्ये की रजिस्टर?

माझी मामेबहीण घटस्फोटित आहे. आमचं घराणं कोल्हापूरचं, प्रोटेस्टंट. आता स्थळ आलंय वसईचं, कॅथलिक. गेल्या रविवारी उपासनेनंतर ती कोर्टाच्या हुकूमनाम्याची नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी आली आणि म्हणाली, "दादा, एवढ्यावर भागंल न्हवं?"

भागेल की नाही, ते लग्न कुठं लावणार त्यावर आहे.

त्याच्या चर्चमध्ये नाही भागणार. कॅथलिक शिकवणीत घटस्फोट हा प्रकारच नाही. चर्चचं न्यायमंडळ एवढंच तपासतं, की पहिलं लग्न मुळात लागलं होतं का. जबरदस्ती होती का, मोठी गोष्ट लपवली होती का, मूल नकोच असं आधीच ठरवलं होतं का. तसं निघालं, तर ते लग्न अवैध ठरवतात. मुलं मात्र अनौरस ठरत नाहीत. आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं ते वेगळंच: बाप्तिस्मा झालेल्या दोन प्रोटेस्टंटांचं लग्नही कॅथलिक चर्च पक्कं धरतं. म्हणजे आमच्या पाळकसाहेबांनी लावलेल्या लग्नाची चौकशी त्यांचे फादर करणार! पूर्वी दोन निवाडे जुळावे लागायचे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्याची अट काढली. तरी दम धरावा लागतोच.

आपल्या चर्चमध्ये सोपं आहे, पण आपोआप होत नाही. 'देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये' हे मत्तय १९:६ दोघांनाही मान्य. मतभेद पुढं नवव्या वचनातल्या जारकर्माच्या अपवादावरून आहे. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, पुढं इथलं काम प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. त्या परंपरेच्या १६४७ च्या विश्वासपत्रात व्यभिचार आणि कायमचं टाकून जाणं ही दोन कारणं मान्य आहेत. बहिणीला नवरा टाकून गेला, म्हणून पाळकसाहेब बहुधा अडवणार नाहीत. अडचण त्या कॅथलिक मुलाची होईल. परवानगीशिवाय असं लग्न केलं, तर त्याच्या चर्चला ते मान्य नाही आणि त्याचा प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर घेण्याचा, प्रश्न उभा राहतो. नुसत्या घटस्फोटानं प्रभुभोजन तुटतं ही मात्र अफवा.

रजिस्टर लग्नाचं थोडक्यात: १९५४ चा विशेष विवाह कायदा, तीस दिवसांची नोटीस, ती कचेरीच्या फलकावर लागते. नातेवाईक वाचतील याची तयारी ठेवा. मुलाची चर्चमधली अडचण इथंही तीच.

चर्चच्या कागदानं कोर्टाचं काम होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली चर्चच्या निवाड्यावर कायदेशीर घटस्फोट मानायला नकार दिला. त्यामुळं ज्यांचा हुकूमनामा अजून व्हायचाय, त्यांनी कोर्टापासूनच सुरुवात करावी. ख्रिस्ती घटस्फोटाच्या १८६९ च्या कायद्यात बायकोला नवऱ्याच्या व्यभिचारासोबत क्रूरपणा किंवा आणखी काही सिद्ध करावं लागायचं, नवऱ्याला नुसता व्यभिचार पुरायचा. ही लबाडी २००१ मध्ये गेली. परस्परसंमतीसाठी कलमात अजून दोन वर्षं वेगळं राहण्याची अट छापलेली आहे. रजिस्टर लग्नाला एकच. केरळ उच्च न्यायालयानं २०१० मध्ये दोनाचं एक केलं, तेव्हा वकिलाला आधी हेच विचारा. अपिलासाठी आता मुंबई गाठायला नको, २०२५ च्या ऑगस्टपासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरातच आहे.

माझं मत विचाराल, तर मुलगा नेमानं मिस्साला जाणारा असेल तर त्याच्याच चर्चची वाट धरावी, वेळ लागला तरी. बहिणीला म्हटलं, पिशवीत अजून जागा आहे, बाप्तिस्म्याचा आणि पहिल्या लग्नाचा दाखला घाल, आणि त्याच्या फादरना भेटून ये.