स्वस्त पिकअप: तीन गिटारींत काही महिने वापरल्यानंतर

ज्यांना नुसता निकाल हवा आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, चुंबक आणि वेढ्यांच्या कॉइलचा भाग. स्वस्तातले सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे) निर्धास्त घ्या. हमबकर (दोन कॉइल्सचे, हम म्हणजे विजेची गुणगुण मारणारे) पारखून घ्या. झाकण असलेला स्वस्त हमबकर ब्रिजला (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या टोकाला) लावायचा विचार असेल, तर तो शक्यतो सोडून द्या. असं का म्हणतो ते पुढे सविस्तर लिहितो.

माझ्याकडे तीन प्रोजेक्ट गिटारी आहेत. एक स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) घाटाची, एक टेली (फेंडरची टेलिकास्टर) घाटाची आणि एक दोन हमबकरांची. तिन्हींत बाजारातले सर्वांत खालच्या किमतीचे किंवा त्याच्या एक पायरी वरचे पिकअप बसवले. अ‍ॅम्प, केबल आणि तारांचा गेज सगळीकडे एकच ठेवला, म्हणजे फरक ऐकू आला तर तो पिकअपचा, असं थोडंफार तरी म्हणता येतं. पहिल्या दिवसाच्या मतावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. नवीन पिकअप लावला की कान उगाच उत्साही होतो, म्हणून लिहायला इतका वेळ घेतला.

आधी सिंगल कॉइलबद्दल. स्वस्त आणि महाग यातला खरा फरक पिकअप उलटा करून बघितला की कळतो. मूळ घाटाच्या सिंगल कॉइलमध्ये सहा पोल (तारांखालचे गोल ठिपके) म्हणजे अल्निको या चुंबकी मिश्रधातूचे सहा दांडे असतात, तेच चुंबक. स्वस्त प्रकारात पोल साध्या लोखंडाचे असतात आणि खाली काळपट सिरॅमिकची एक किंवा दोन पट्ट्या चिकटवलेल्या असतात. खाली पट्टी दिसली की ‘अल्निको ५’ असं पाकिटावर कितीही ठळक छापलेलं असू दे, तो अल्निको नव्हे. माझ्याकडे असाच एक संच आला होता. परत पाठवला नाही, कारण आवाज वाईट नव्हता, पण त्या विक्रेत्याकडे पुन्हा जाणार नाही.

लोखंडी पोलमुळे आवाजात काय होतं? कॉइलच्या पोटात लोखंड आलं की तेवढ्याच वेढ्यांत इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइलचा विरोध) वाढतो. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) मिळून एका ठरावीक ठिकाणी आवाजाला उठाव येतो, आणि त्याच्यावरचा तिखटपणा झपाट्याने उतरतो. अल्निको दांड्यांचा स्ट्रॅट पिकअप साधारण २.४ हेन्रीचा असतो. पाच मीटर केबलची कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड धरली तर हा उठाव साडेचार हजार हर्ट्झच्या जरा वर येतो. जुन्या धर्तीच्या ४.५ हेन्रीच्या हमबकरला त्याच केबलवर तो सुमारे ३३५० हर्ट्झवर येतो. काचेसारखा खणखणीत आवाज आणि जाड, भरलेला आवाज यांतला बराचसा फरक या दोन आकड्यांत आहे. तेव्हा चुंबक कुठलं यापेक्षा कॉइलच्या आत काय भरलंय आणि वेढे किती आहेत, हे जास्त महत्त्वाचं. ‘सिरॅमिक म्हणजे कर्कश’ हे वाक्य मी आता ऐकून सोडून देतो. १९७२ साली आलेला डिमार्झिओ या पिकअप कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन हा सिरॅमिक चुंबकाचाच पिकअप होता, आणि त्याला कोणी स्वस्त म्हणत नाही.

विक्रेते इंडक्टन्स सांगत नाहीत, ओहम सांगतात. पण हा ओहमचा आकडा आउटपुट मोजत नाही, तो फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतो. ४२ गेजऐवजी ४३ किंवा ४४ गेजची बारीक तार वापरली की तेवढ्याच वेढ्यांत आकडा फुगतो आणि जाहिरातीत ‘हॉट’ लिहायची सोय होते. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. म्हणजे थंड सकाळी ८ किलोओहम दाखवणारा हमबकर उन्हाळी दुपारी सहज ८.३ दाखवेल. दशांशांवरून भांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मल्टिमीटरचा खरा उपयोग वेगळा आहे: कॉइल तुटलेली आहे का, आणि हमबकरच्या दोन्ही कॉइल्स साधारण सारख्या आहेत का, हे बघायला. एक कॉइल ४ किलोओहम आणि दुसरी ३ निघाली तर हम पूर्ण मरणार नाही, हे पिकअप बसवायच्या आधीच कळतं.

स्ट्रॅटमध्ये आधी तो लोखंडी पोलवाला सिरॅमिक संच होता. सुरुवातीला ब्रिजचा आवाज दातात शिरत होता. बॉडीबरोबर आलेले पॉट (व्हॉल्यूम आणि टोनचे फिरवायचे रोधक) ५०० किलोओहमचे होते. सिंगल कॉइलला २५० लावायची प्रथा आहे ती उगाच नाही. पॉटची किंमत उतरली की तो उठाव बसतो. २५०चे पॉट लावले आणि टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडऐवजी ०.०२२चा घातला, त्यानंतर तोच संच ओळखू येईना. पॉट विकत घेताना मीटर लावून बघा, कारण त्यांत २० टक्क्यांचा फरक मान्य असतो. २५० म्हणून दिलेला पॉट २०० निघू शकतो, तसाच ३००ही. माझं ठाम मत असं की पिकअप बदलायचे पैसे काढून ठेवण्याआधी पॉट बदलावेत. खर्च किरकोळ, आणि डाग द्यायचा (सोल्डरिंगचा) सरावही होतो.

त्यानंतर उंची. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि पोल व तार यांतलं अंतर बघायचं. जाड तारांकडे अडीच मिलिमीटर, बारीक तारांकडे दोन, इथून सुरुवात करून कानाने ठरवायचं. इथे स्वस्त पिकअपचा एक फायदा आहे जो कोणी सांगत नाही. लोखंडी पोलची ओढ तारेवर कमी असते, त्यामुळे तो बराच वर उचलता येतो. अल्निको ५चे दांडे तितके वर आणले तर जाड ई तार वरच्या फ्रेट्सवर वाजवताना सूर डळमळतो, जणू इंटोनेशनच (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) बिघडलंय असं वाटतं. अनेक जण ब्रिज दुरुस्त करत बसतात आणि दोष नेक (गिटारच्या मानेकडच्या) पिकअपच्या उंचीचा असतो.

नंतर त्याच गिटारीत विल्किन्सन ब्रँडचा अल्निको संच घातला आणि तोच आजतागायत आहे. नेक पिकअपवर स्वच्छ आवाजात वाजवताना फरक स्पष्ट कळतो: तारेला बोट लागल्याचा पहिला ठसका जास्त उघडा ऐकू येतो. थोडं डिस्टॉर्शन वाढवलं की तो फरक पातळ होत जातो, आणि जास्त वाढवल्यावर मला तरी डोळे मिटून सांगता येत नाही की कुठला कुठला. एक खटकतं ते पोलच्या चढउतारांचं. ही जुनी रचना आहे, तिसरी, म्हणजे ‘जी’ (G) सुराची तार गुंडाळलेली असायची त्या काळातली. आता आपण ‘जी’ची साधी, न गुंडाळलेली तार लावतो आणि तिच्याखालचा पोल सर्वांत उंच, म्हणून ती एकटीच ओरडते. सपाट पोलचा पर्याय मिळत असेल तर तोच घ्या. पोल दाबून खाली करायचा मोह झाला तर आधी बॉबिन (कॉइल गुंडाळायची चौकट) बघा. पूर्ण प्लास्टिकची असेल तर चालून जाईल. जुन्या घाटाच्या फायबर पट्ट्यांच्या पिकअपमध्ये तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते, आणि ०.०६ मिलिमीटरची ती तार दांडा सरकला की तुटते.

मधल्या पिकअपबद्दल एक गोष्ट विकत घेण्याआधी विचारा: तो उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवांचा आहे का? असेल तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर (जिथे मधला पिकअप शेजारच्याबरोबर वाजतो) हम जवळजवळ नाहीसा होतो. स्वस्त संचांत बरेचदा तिन्ही पिकअप एकसारखे निघतात. होकायंत्र पोलवर धरलं की कळतं. मधल्यावर सुईचं दुसरं टोक खेचलं गेलं पाहिजे. आणि इथे पुन्हा सिरॅमिकची मजा आहे. खालची पट्टी अलगद सोडवून उलटी चिकटवायची आणि पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करायची. चुंबक उलटलं, जोडणीही उलटली, म्हणून तारेचा सिग्नल बाकीच्या पिकअपशी जुळलेलाच राहतो आणि फक्त हम कापला जातो. अल्निको दांड्यांच्या पिकअपला घरच्या घरी हे इतक्या सहज करता येत नाही.

टेलीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. स्वस्त ब्रिज पिकअपला खालची धातूची प्लेट बहुधा नसते. तिच्यामुळे आवाजाला थोडं वजन येतं ते एक, पण व्यवहारातली अडचण वेगळीच आहे: टेलीत ब्रिज आणि तारांचं ग्राउंड त्या प्लेटमधूनच होतं. प्लेट नसेल तर ब्रिजखालून वेगळी ग्राउंड वायर काढावी लागते, नाहीतर तारांवरून हात उचलला तरी आणि ठेवला तरी गुणगुण तशीच. नेक पिकअप मला फार आवडला. त्याच्यावर धातूची टोपी असून आवाज मऊ आहे, झोपाळू नाही.

आता हमबकर, आणि इथे माझा सूर बदलतो. दोन कॉइल्स एकमेकांविरुद्ध जोडून हम मारायची गिब्सन या गिटार कंपनीची ही रचना तिच्या सेथ लव्हर या अभियंत्याची. १९५५ साली पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९५९ साली ते मिळालं. त्या काळात पिकअपखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाचं लेबल लागायचं, त्याचंच लघुरूप पीएएफ. आज ज्याला त्याला ‘पीएएफ टोन’ विकायचा असतो. स्वस्त पीएएफ छाप हमबकरांत खोट बहुतेक वेळा वेढ्यांत नसते, झाकणात असते. चांगलं झाकण निकेल सिल्व्हरचं असतं, स्वस्त झाकण पितळेचं आणि वरून मुलामा. पितळेत एडी करंट (धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह) जास्त फिरतात आणि वरचा तिखटपणा खाऊन टाकतात. माझ्या ब्रिज पिकअपचा आवाज रजईखालून आल्यासारखा होता. झाकणाचे दोन डाग सोडवून ते काढलं तेव्हा आत अगदी ठीकठाक हमबकर निघाला.

दुसरा त्रास काही आठवड्यांनी सुरू झाला. गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) वाढवून अ‍ॅम्पजवळ उभं राहिलं की कर्कश शिट्टी. संगीतातला फीडबॅक वेगळा, हा वेगळा. तो तारेतून येतो, ही शिट्टी झाकण आणि कॉइलच्या सैल थरथरण्यातून येते. आत मेण नीट भरलेलंच नव्हतं. पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण घालून, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात साधारण ६५ अंशांपर्यंत वितळवायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिकअप त्यात बुडवून ठेवायचा. थेट आचेवर मेण तापवू नका. ते पेट घेतं, आणि त्याआधी प्लास्टिकची बॉबिन वाकते. या उपायाने शिट्टी गेली. पण विकत घेतलेल्या वस्तूवर हे काम आपण का करायचं, हा प्रश्न उरतोच.

नेकला सिरॅमिक हमबकर होता. खालचे चार स्क्रू सैल करून सिरॅमिकची पट्टी काढली आणि अल्निको ५ची सरकवली, ध्रुव जसे होते तसेच ठेवून. आवाज खाली आला आणि मोकळा झाला. नुसती चुंबकाची पट्टी अगदी स्वस्त मिळते, म्हणून प्रयोगाची हौस असलेल्यांसाठी साधा सिरॅमिक हमबकर हा चांगला कच्चा माल आहे.

मापं घेतल्याशिवाय काहीच मागवू नका. पहिल्या आणि सहाव्या पोलच्या मध्यांमधलं अंतर नेकला ४९ ते ५० मिलिमीटर, ब्रिजला ५२ ते ५३ असं दोन प्रकारांत मिळतं. मिलिमीटरभर चुकलं तर आवाजात काही कळत नाही, डोळ्याला मात्र रोज टोचतं. बॉडीचा खड्डा उथळ असेल तर हमबकरचे लांब पाय टेकतात. तेही आधी बघा. रंगाबद्दल गंमत अशी की दोन्ही क्रीम बॉबिनच्या रूपावर अमेरिकेत डिमार्झिओचा ट्रेडमार्क आहे.

हमबकरच्या चार वायरींच्या रंगांवर भरवसा ठेवू नका. सीमोर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी गरम (सिग्नलची), हिरवी ग्राउंड, लाल-पांढरी एकत्र. डिमार्झिओत लाल गरम, हिरवी ग्राउंड, काळी-पांढरी एकत्र. स्वस्त पिकअप यांपैकी एकाची नक्कल करतात किंवा दोघांचीही करत नाहीत. मीटरने दोन जोड्या शोधायच्या, मग मीटर तसाच जोडलेला ठेवून स्क्रू ड्रायव्हर पोलला टेकवायचा आणि आकडा वर जातो की खाली ते बघायचं. दोन्ही कॉइल्सची दिशा त्यावरून जुळवता येते. वायरींचं वेष्टणही पातळ असतं. सोल्डर गन टेकवून बसलात तर ते वितळून आतल्या आत शॉर्ट होतं. पॉटच्या पाठीवर डाग देताना चाळीस वॉटची सोल्डरिंग आयर्न आणि दोन-तीन सेकंद, बस.

इतक्या वापरानंतर झीज कुठे दिसली? लोखंडी पोल घामाने गंजले, वरून तेलाचा हलका हात फिरवावा लागतो. एका झाकणाचा मुलामा मनगट घासतं तिथे उडाला. कॉइल एकही गेली नाही.

स्ट्रॅटच्या ब्रिजला काही काळ सिंगल कॉइलच्या आकाराचा दोन पट्ट्यांचा हमबकरही लावून पाहिला. २५०च्या पॉटवर तो फार दबलेला वाटतो, डिस्टॉर्शनमध्ये मात्र मस्त गुरगुरतो. तो काढून ठेवला आहे, आणि हमबकरच्या गिटारीतला तो झाकण काढलेला पिकअप बदलायची वेळ आली की ५००च्या पॉटवर, एका जुळवणी-रिंगमध्ये बसवून, आधी यालाच संधी देणार आहे.