रूट केलेला फोन अपडेट करायचाय: कोणत्या रस्त्यात डेटा नेमका कुठे जातो

रूट केलेल्या, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा घेतलेल्या फोनवर अपडेटची सूचना येते, ती दाबली की थोडा वेळ चक्र फिरतं आणि अपडेट अडकतं. हा फोनचा बिघाड नाही. अँड्रॉइड 5.0 पासून ओटीए, म्हणजे फोनवर थेट इंटरनेटवरून येणारं अपडेट, फाइलनिहाय न येता ब्लॉकनिहाय (साठवणीच्या तुकड्यांनुसार) येतं. पार्टिशनवर (साठवणीच्या त्या भागावर) आधी नेमकं काय आहे याचा हॅश, म्हणजे आकड्यांतला ठसा, तपासला जातो आणि तो जुळला तरच वरचा फरक लावला जातो. रूट देणाऱ्या मॅजिस्क या अ‍ॅपने बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल) बदललेली असते, त्यामुळे हॅश जुळत नाही. सिस्टिम पार्टिशनमधली एखादी फाइल हाताने बदलली असेल तरी तेच होतं.

म्हणजे एक तर आपला बदल तात्पुरता मागे घेऊन फरकाचं अपडेट लावायचं, नाही तर आधी काय आहे ते न बघणारी पूर्ण इमेज चढवायची. डेटा दोन्हीत टिकतो. पण प्रत्येक रस्त्यात एक जागा अशी असते जिथे एका चुकीच्या निवडीने सगळं पुसलं जातं. रस्ता निवडताना ती जागा आधी बघावी.

| रस्ता | संगणक | डेटा जाण्याची जागा | कुणासाठी |
|---|---|---|---|
| रिकाम्या स्लॉटवर मॅजिस्क | नको | जवळपास नाही. रूट मात्र जाऊ शकतं | ए/बी स्लॉट (सिस्टिमसाठी दोन जागा) असलेले, सिस्टिमला हात न लावलेले फोन |
| पूर्ण ओटीए साइडलोड (संगणकातून चढवणं) | हवा | रिकव्हरीतला (दुरुस्तीच्या मेनूतला) फॅक्टरी रीसेट | पिक्सेल आणि पूर्ण ओटीए मिळणारे इतर फोन |
| फॅक्टरी इमेज (उत्पादकाची पूर्ण सिस्टिम) | हवा | स्क्रिप्टमधला ‘-डब्ल्यू’, बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) लॉक | अडकलेला फोन |
| ओडिन (सॅमसंगवर सिस्टिम चढवणारं साधन) | हवा, विंडोज | होम_सीएससीऐवजी सीएससी | सॅमसंग |

आधी बॅकअप, पण त्याची मर्यादा ओळखून

फोटो आणि फाइली ‘एडीबी पुल’ने (एडीबी म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देणारं गूगलचं साधन) संगणकावर घ्या. केबल लावून फाइल मॅनेजरमधून, म्हणजे एमटीपीने, मोठ्या फाइली हलवू नका. त्या वाटेत खराब होतात आणि हे कळतं ते फ्लॅश करताना, म्हणजे फोनवर चढवताना. अ‍ॅपच्या डेटासाठी निओ बॅकअप किंवा स्विफ्ट बॅकअप चालतात. मात्र ज्या अ‍ॅपच्या किल्ल्या फोनच्या हार्डवेअर कीस्टोअरमध्ये असतात, त्यांचा डेटा परत ठेवूनही अ‍ॅप उघडत नाही. सिग्नल, ओटीपी देणारी ऑथेंटिकेटर अ‍ॅप्स, बँकेची अ‍ॅप्स यांसाठी त्यांचीच एक्सपोर्टची किंवा नव्याने नोंदणीची सोय वापरावी लागते.

दुसरं काम मॉड्यूल्सचं, म्हणजे मॅजिस्कमध्ये जोडलेल्या छोट्या बदलांचं. अँड्रॉइडची आवृत्ती 14 वरून 15 अशी बदलणार असेल तर मॅजिस्कमधली सगळी मॉड्यूल्स आधी बंद करा. अपडेटनंतर फोन सुरूच होत नाही, तेव्हा बहुतेक वेळा एखादं जुनं मॉड्यूल नव्या सिस्टिमवर चढू बघत असतं. महिन्याच्या सिक्युरिटी पॅचला एवढी काळजी लागत नाही, पण बंद करायला दोन मिनिटंही जात नाहीत.

संगणक न लावता: रिकामा स्लॉट

अँड्रॉइड 7.0 सोबत ए/बी रचना आली. फोन चालू असतो एका स्लॉटवर आणि अपडेट लिहिलं जातं दुसऱ्यावर. मॅजिस्क याचाच फायदा घेतं.

आधी डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘ऑटोमॅटिक सिस्टिम अपडेट्स’ बंद करा, नाही तर अपडेट तुमच्याआधी स्वतःच धडपडायला लागतं. मग मॅजिस्कमध्ये ‘अनइन्स्टॉल’ दाबून ‘रिस्टोअर इमेजेस’ निवडा. ‘कम्प्लीट अनइन्स्टॉल’ नव्हे. मूळ बूट इमेज जागेवर येते, पण चालू असलेलं मॅजिस्क मेमरीत तसंच राहतं. म्हणून इथे फोन रीस्टार्ट करायचा नाही. सेटिंग्जमधून अपडेट उतरवून इन्स्टॉल होऊ द्या. शेवटी ‘रीस्टार्ट नाऊ’ येईल, त्याला हात लावू नका. मॅजिस्कमध्ये परत जा, ‘इन्स्टॉल’मधून ‘इन्स्टॉल टू इनअ‍ॅक्टिव्ह स्लॉट’ निवडा आणि काम झाल्यावर मॅजिस्कमधल्याच रीबूट बटणाने फोन सुरू करा.

सगळं सुरळीत झालं तर एवढं सुटसुटीत दुसरं काही नाही. अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, ‘स्टॉक बॅकअप डझ नॉट एक्झिस्ट’ हा संदेश. मूळ बूट इमेजची प्रत मॅजिस्क फोनच्या डेटामध्ये ठेवतं. इमेज दुसऱ्याच फोनवर पॅच करून (तीत मॅजिस्क घालून) आणली असेल किंवा मध्ये डेटा पुसला असेल तर ती प्रत नसते आणि हा रस्ता तिथेच संपतो. दुसरं, सवयीने दाबलेलं ‘रीस्टार्ट नाऊ’. डेटाला धक्का लागत नाही, पण रूट जातं आणि ते परत आणायला संगणक लागतोच. जो टाळण्यासाठी हा रस्ता घेतला, तोच.

अँड्रॉइड 11 पासूनच्या व्हर्च्युअल ए/बी फोनवर अपडेट आधी स्नॅपशॉट म्हणून राहतं आणि त्यासाठी डेटा पार्टिशनमधली जागाही वापरली जाऊ शकते. काही जीबी मोकळे ठेवा. रीबूट झाल्यावर मागे मर्जचं, म्हणजे स्नॅपशॉट मूळ जागी लिहिण्याचं, काम चालू असतं, ते संपेपर्यंत फास्टबूटमधून (बूटलोडरला आज्ञा देणाऱ्या संगणकावरच्या साधनातून) काहीही फ्लॅश करू नका.

कर्नलएसयू (कर्नलमधून, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातून रूट देणारं साधन) वापरणाऱ्यांना एलकेएम पद्धतीत, म्हणजे कर्नलला फक्त मॉड्यूल जोडलं असेल तर, रिकाम्या स्लॉटची हीच सोय मिळते. पूर्ण कर्नल बदलला असेल तर अपडेट तो पुसून टाकतं आणि नव्या बिल्डला (सिस्टिमच्या नेमक्या आवृत्तीला) जुळणारा कर्नल पुन्हा चढवावा लागतो.

पूर्ण ओटीए साइडलोड

संगणक हाताशी असेल आणि उत्पादक पूर्ण ओटीए देत असेल, तर आमची पसंती याच रस्त्याला. पूर्ण ओटीए आधीचा हॅश बघत नाही. बूट बदललेलं असो, सिस्टिम बदललेली असो, त्यावर नवी प्रत लिहितं. डेटाला हात लावत नाही. वर बिल्ड जुनी असेल तर स्वतःच नकार देतं, ही मोठीच सोय.

1. गूगलच्या प्लॅटफॉर्म-टूल्सची (एडीबी आणि फास्टबूट यातच येतात) ताजी आवृत्ती घ्या. विनाकारण वाटणाऱ्या बऱ्याच चुका जुन्या फास्टबूटमुळे येतात.
2. ‘एडीबी रीबूट रिकव्हरी’ द्या. पिक्सेलवर ‘नो कमांड’ लिहिलेला रोबो दिसतो. पॉवर दाबून धरून व्हॉल्यूम अप एकदा दाबला की मेनू येतो. ‘अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी’ निवडा. ‘वाइप डेटा/फॅक्टरी रीसेट’ याच यादीत असतं, तेव्हा घाई नको.
3. ‘एडीबी साइडलोड’ आणि पुढे झिप फाइलचं नाव. संगणकावरचा आकडा 47 टक्क्यांवर थांबला आणि ‘फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस’ असं विचित्र वाक्य आलं तर केबल काढू नका. अपडेट यशस्वी होऊनही संगणक असं सांगतो. खरं काय झालं ते फोनच्या पडद्यावर वाचा.
4. फोन एकदा रूटशिवाय सुरू होऊ द्या.

चौथी पायरी अनेक जण गाळतात. थेट पॅच केलेली इमेज चढवतात आणि फोन अडकला तर दोष अपडेटचा की मॅजिस्कचा हे कळायला मार्ग राहत नाही. एकदा साधा सुरू झाला की अपडेट ठीक आहे हे पक्कं.

मग त्याच बिल्डची बूट इमेज काढायची. फॅक्टरी इमेजच्या आतल्या झिपमध्ये ती सुटी असते; ओटीएमध्ये ‘पेलोड’ फाइलमध्ये असते आणि पेलोड-डंपर-गो या साधनाने बाहेर येते. पिक्सेल 7 सारख्या, अँड्रॉइड 13 घेऊनच बाजारात आलेल्या फोनना ‘इनिट_बूट’ ही वेगळी इमेज लागते. पिक्सेल 6 ला साधी ‘बूट’. मॅजिस्कमध्ये पॅच करून ‘एडीबी पुल’ने संगणकावर घ्या आणि बूटलोडरमध्ये जाऊन ‘फास्टबूट फ्लॅश इनिट_बूट’ किंवा ‘फास्टबूट फ्लॅश बूट’ द्या. साध्या बूटच्या फोनवर फ्लॅश करण्याआधी ‘फास्टबूट बूट’ने तीच इमेज एकदा तात्पुरती चालवून बघता येते. इनिट_बूटला ही सोय नाही.

बिल्ड क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवा. साध्या बूट इमेजमध्ये कर्नलही असतो. ती आधीच्या महिन्याची असेल तर फोन सुरू होऊनही वायफाय किंवा टच चालत नाही, कारण कर्नल एका बिल्डचा आणि त्याची मॉड्यूल्स दुसऱ्या बिल्डची.

फॅक्टरी इमेज

रोजच्या अपडेटसाठी हा रस्ता घ्यायचं कारण नाही. फोन अडकला असेल तेव्हा मात्र हाच उपयोगी पडतो. पिक्सेलच्या झिपमध्ये ‘फ्लॅश-ऑल’ स्क्रिप्ट असते. ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा: शेवटाकडे ‘फास्टबूट -डब्ल्यू अपडेट’ ही ओळ दिसेल. त्यातला ‘-डब्ल्यू’ म्हणजे वाइप. तेवढाच काढा, फाइल सेव्ह करा, पुन्हा उघडून खात्री करा. विंडोजवर ‘.बॅट’ बदलायची असते. अनेक जण शेजारची ‘.एसएच’ बदलतात आणि ‘.बॅट’ चालवतात. ब्राउझरमधलं अँड्रॉइड फ्लॅश टूल वापरत असाल तर ‘वाइप डिव्हाइस’ आणि ‘लॉक बूटलोडर’ या दोन्ही खुणा काढा.

शाओमीच्या फास्टबूट पॅकेजमध्ये तीन स्क्रिप्ट असतात. ‘फ्लॅश_ऑल’ पुसते. नावात ‘एक्सेप्ट’ आणि ‘स्टोरेज’ असलेली डेटा राखते. ‘फ्लॅश_ऑल_लॉक’ पुसते आणि वर बूटलोडरही बंद करते. ही पॅकेजं चढवणाऱ्या मी-फ्लॅश या साधनाच्या खिडकीत तळाशी हाच तिसरा पर्याय आधीपासून निवडलेला असतो! बूटलोडर बंद होताना डेटा जातोच. आत बदललेली इमेज असेल तर फोनही सुरू होत नाही.

मागच्या बिल्डवर परतायचा मात्र विचारही नको. डेटाच्या एन्क्रिप्शन किल्ल्या सिस्टिमच्या आवृत्तीशी आणि पॅच पातळीशी बांधलेल्या असतात. जुन्या सिस्टिमला त्या उघडता येत नाहीत. शिवाय अँटी-रोलबॅक, म्हणजे जुनी आवृत्ती नाकारणारी सोय, असतं. ऑगस्ट 2022 मध्ये पिक्सेल 6, 6 प्रो आणि 6ए ला अँड्रॉइड 13 आलं, तेव्हा बूटलोडर मागे नेण्याची वाट बंद झाली. एका स्लॉटवर नवा आणि दुसऱ्यावर अँड्रॉइड 12 चा बूटलोडर राहिला असेल, तर फोन त्या दुसऱ्या स्लॉटवर घसरताच बंद पडायचा. दोन्ही स्लॉटवर नवा बूटलोडर चढवणं हाच उपाय होता.

सॅमसंग: निवड नाही, शिस्त आहे

नॉक्सचा, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा, आकडा एकदा 0x1 झाला (फोनमध्ये बदल झाल्याची ती कायमची खूण) की ओटीए मिळत नाही. उरतं फक्त ओडिन. नव्या फर्मवेअरची (सिस्टिम पॅकेजची) एपी, म्हणजे मुख्य सिस्टिमची फाइल जशीच्या तशी कधीही चढवायची नाही. काही जीबींची ती टार फाइल ‘एडीबी पुश’ने फोनवर न्यायची, मॅजिस्कमध्ये अख्खी पॅच करायची आणि ‘एडीबी पुल’ने परत आणायची. मूळ बूट किंवा व्हीबीमेटा (इमेज खऱ्या आहेत का तपासण्याची माहिती) परत ठेवायचा प्रयत्न केला तर फोन अडकतो आणि सुटका डेटा पुसूनच होते.

ओडिनमध्ये बीएल (बूटलोडर), पॅच केलेली एपी, सीपी (मोडेम) आणि होम_सीएससी (देश-कंपनीनुसारच्या सेटिंग्ज) या चारही फाइली एकत्र द्या. एकटी एपी दिली तर ओडिन डेटाची फाइलसिस्टिम आकसून ठेवू शकतं. होम_सीएससी डेटा राखते, नुसती सीएससी पुसते. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये शेजारी असतात. बिल्ड क्रमांकातलं उजवीकडून पाचवं अक्षर म्हणजे बूटलोडरची आवृत्ती. ती सध्याच्यापेक्षा लहान असेल तर ओडिन नाकारतं.

लिनिएजओएस वापरत असाल तर

लिनिएजओएस म्हणजे अँड्रॉइडवर बनलेली, उत्पादकाऐवजी इतरांनी दिलेली सिस्टिम. तिथे त्याच आवृत्तीतलं अपडेट अंगभूत अपडेटरने, काही न पुसता. मोठ्या आवृत्तीला रिकव्हरीतून साइडलोड, आणि गूगलची अ‍ॅप्स असतील तर पहिल्यांदा सुरू करण्याआधीच त्यांचं नवं पॅकेजही. मूळ रॉमवरून, म्हणजे उत्पादकाच्या सिस्टिमवरून, लिनिएजवर जाणं हे अपडेट नव्हे. तिथे फॉरमॅट अटळ आहे.

अडकलाच तर

लोगोवरच फिरत असेल तर अ‍ॅनिमेशन सुरू होताच व्हॉल्यूम डाउन दाबून धरा. सेफ मोडमध्ये गेला की मॅजिस्क सगळी मॉड्यूल्स बंद करतं; नंतर साधा रीस्टार्ट. एडीबीची परवानगी आधीच दिलेली असेल तर ‘एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्यूल्स’ ही आज्ञा तेच काम आणखी पक्कं करते, फक्त मॉड्यूल्स बंद न करता काढूनच टाकते.

तरीही नाही झालं, तर काही वेळा ‘तुमचा डेटा खराब झाला असावा’ असा पडदा येतो आणि खाली दोनच पर्याय असतात: पुन्हा प्रयत्न करा, किंवा फॅक्टरी रीसेट. इथे घाबरून दुसरा दाबला जातो. डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो, बूट इमेज चुकीची असते. पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन धरून बूटलोडरमध्ये जा, ‘फास्टबूट गेटव्हार करंट-स्लॉट’ने चालू स्लॉट बघा आणि त्याच बिल्डची मूळ, पॅच न केलेली इमेज त्यावर चढवा. सॅमसंगवर हे चालत नाही. तिथे ओडिनने त्याच चार फाइली पुन्हा द्यायच्या.