शॉर्टवेव्हचं स्टेशन आता जागेवर राहतं : कपॅसिटर बदलल्यानंतरचे आठ महिने

बाबांचा पाच व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ एप्रिलमध्ये दुरुस्त केला, आता डिसेंबर चालू आहे. नवतपा (मे अखेरचे नऊ रखरखीत दिवस), पावसाळा आणि थंडी तिन्ही त्यानं काढले, म्हणून आत्ता लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर चुकीचं लिहिलं असतं.

आकाशवाणी नागपूर, ५८५ किलोहर्ट्झ, दिवसभर नीट लागायचं. तक्रार शॉर्टवेव्हची होती. ३१ मीटरच्या पट्ट्यात स्टेशन लावून चहा घेऊन यावं, तोवर ते सरकलेलं. मधेच टक् असा आवाज होऊन एकदम उडीही मारायचं.

आधी मोजमाप केलं. डायलचा काटा ९५०० वर असेल तर आतला ऑसिलेटर, म्हणजे स्टेशन पकडण्यासाठी रेडिओ स्वतःची लहर तयार करतो तो भाग, ४५५ नं वर, म्हणजे ९९५५ किलोहर्ट्झला चालतो. छोटा डिजिटल रेडिओ शेजारी ठेवून तिथं लावला की त्याची खरखर एकदम दबते. दर पाच मिनिटांनी ती जागा वहीत लिहीत गेलो. चाळीस मिनिटांत १४ किलोहर्ट्झ खाली! शॉर्टवेव्हवर दोन स्टेशनांमधलं अंतर ५ किलोहर्ट्झचं असतं, यावरून काय होत असेल ते कळेल.

उड्यांचं कारण लवकर सापडलं. ऑसिलेटरमधला जुना सिल्व्हर मायका कपॅसिटर, म्हणजे अभ्रकावर चांदीचा थर दिलेला, वीज साठवणारा छोटा भाग. अशांमध्ये वर्षानुवर्षांच्या विजेच्या दाबानं आणि दमटपणानं चांदी सरकते. तो काढला आणि उड्या थांबल्या.

पुढची चूक माझी. उत्साहात ऑसिलेटरचे सगळेच छोटे कपॅसिटर काढून नवे एनपीओ, म्हणजे सीओजी जातीचे लावले. हे अंशाला फार तर ३० पीपीएम (दहा लाखांत ३० भाग) बदलतात, त्यामुळे सगळं स्थिर होईल असं वाटलं. तरी स्टेशन ९ किलोहर्ट्झ खाली आलंच, फक्त आता शांतपणे, एका चालीत. दोन रात्री मला कारण कळेना. मग काढलेल्या कपॅसिटरांच्या डबीत जांभळा ठिपका असलेला एक चपटा सिरॅमिक दिसला. जांभळा म्हणजे एन ७५०. तापमान एक अंशानं वाढलं की याची वीज साठवण्याची क्षमता ७५० पीपीएमनं कमी होते. कॉइल तापून फुगते, इंडक्टन्स (तिचा चुंबकीय गुण) वाढतो, वारंवारिता घसरते; ती घसरण भरून काढायलाच रेडिओ बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम बसवला होता आणि मी तो 'अस्थिर' म्हणून उपटला होता!

मग हिशेब मांडला. पेटीत तापमान साधारण ३० अंशांनी चढतं. ९९५५ मध्ये ९ म्हणजे सुमारे ९०० पीपीएम, अंशाला ३०. क्षमतेतल्या बदलाचा निम्माच परिणाम वारंवारितेवर होतो, म्हणून क्षमतेत ६० पीपीएमची भरपाई हवी. ऑसिलेटरची एकूण क्षमता १५० पिकोफॅरड (क्षमतेचं एकक) धरली तर त्यात १२ पिकोफॅरडचा एन ७५० पुरतो. जुन्या तुकड्यावर १२ च लिहिलेलं निघालं. तेव्हा त्या अनोळखी इंजिनिअरबद्दल मनात फार आदर दाटून आला. तुकड्याला तडा होता, म्हणून त्याच मूल्याचा जुन्या साठ्यातला दुसरा मिळवला आणि ट्रिमर (बारीक जुळवणीचा फिरता कपॅसिटर) नव्यानं जुळवला.

नागपुरात बर्डीवर एका दुकानात 'सिरॅमिक सगळे सारखेच' म्हणून मला वाय५व्ही जातीच्या डिस्क (चपटे गोल कपॅसिटर) दिल्या होत्या. ऑसिलेटरमध्ये त्या चुकूनही लावू नका, उन्हाळ्यात त्यांची क्षमता पार कोसळते. सीओजी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. पॉलिस्टायरीनचे (प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचे) कपॅसिटर चांगले, पण ८५ अंशांच्या आसपास ते मऊ पडतात. व्हॉल्व्हपासून लांब ठेवा आणि डाग देताना पाय चिमट्यात धरा. आणि कुठंही हात घालण्याआधी प्लग काढून मोठ्या फिल्टर कपॅसिटरमधला चार्ज रेझिस्टरनं उतरवा, तिथं दोनशे व्होल्टच्या वर उरलेलं असतं.

आता पहिली दहा मिनिटं सोडली तर तासाभरात किलोहर्ट्झभरही हलत नाही. नवतप्यात खोलीच ४० अंशांवर होती, तेव्हा दीड किलोहर्ट्झ वर सरकायचा, म्हणजे भरपाई किंचित जास्त आहे. कूलर सुरू केला की मोटरची खरखर येते, ती वेगळी गोष्ट. जुलैच्या दमट हवेत काही बिघडेल अशी धास्ती होती; वहीत तेव्हाचे आकडे मेपेक्षा चांगले आहेत. २५ मीटरवर मात्र अजून दोन किलोहर्ट्झ सरकतं. तिथली कॉइल वेगळी आहे, तिच्यासाठी १० पिकोफॅरडचा जांभळा ठिपकेवाला शोधतोय.