शाळेच्या ॲपला एका सातवीच्या पालकाकडून पाचपैकी अडीच

आधी कोण लिहितंय ते सांगतो. मी एसटीत कंडक्टर, आगार चिपळूण. कधी कऱ्हाडची फेरी, कधी मुक्कामाची गाडी. बायको पतसंस्थेत. मुलगी सातवीत, सेमी इंग्रजीला. शाळा भरताना-सुटताना आम्ही दोघंही गेटवर नसतो, त्यामुळे हे ॲप निघालं ते आमच्यासारख्यांसाठीच, असं म्हणायला हरकत नाही. ॲपचं नाव लिहीत नाही. एकाच कंपनीचं ॲप बऱ्याच शाळा घेतात, वर आपापलं बोधचिन्ह लावतात, आत सगळं तेच. तुमच्या फोनवरही बहुधा हेच असेल.

चांगलं आधी. पावसाळ्यातली सुट्टी. कोकणात जुलैमध्ये जिल्हाधिकाऱ्यांचं सुट्टीचं पत्र व्हॉट्सॲपवर रोज फिरतं आणि त्यातलं निम्मं मागच्या वर्षीचं असतं, तारीख खोडलेलं. पूर्वी पहाटे पाच पालकांना फोन करून खात्री करावी लागायची. आता शाळेने ॲपवर टाकलं तर खरं, नाही टाकलं तर दप्तर भरा. एवढ्या एका गोष्टीसाठी दीड तारा दिला. हजेरीचा निरोप अकराच्या आत येतो, फीची पावती फोनवरच मिळते, फळ्याचा फोटो येतो. मुलगी आजारी असली की तो फोटो फार कामाला येतो. त्याचा एक तारा.

आता उरलेले अडीच कुठे गेले ते.

चौथीपर्यंत एकच बाई सगळं शिकवायच्या. काही विचारायचं तर त्यांना. आता गणिताला वेगळ्या, विज्ञानाला वेगळे, इतिहास-भूगोलाला आणखी वेगळे. ॲपमध्ये मात्र ‘संदेश पाठवा’ हे बटण एकच, आणि ते जातं वर्गशिक्षिकांकडे. त्या शिकवतात हिंदी. मी विचारलं होतं की पूर्णांकांच्या गुणाकारात वजा-वजा आलं की मुलगी अडते, घरी काय करून घ्यावं? दोन दिवसांनी फोन वाजला. इंग्रजीत निरोप : ‘डिअर पेरेंट, युअर क्वेरी हॅज बीन रिझॉल्व्ड.’ कोणी सोडवली, काय सोडवली, काही नाही. मी घंटी दिली आणि ड्रायव्हरने ऐकलीच नाही, असं झालं तर गाडी जाईल का?

आणि हो, ते इंग्रजी. आमच्या वर्गातल्या निम्म्या घरांत फोन आजीच्या हातात असतो. वर्गातल्या बाई मराठीत बोलतात, पालक मराठीत बोलतात, मधलं ॲप तेवढं इंग्रजीत. अपार क्रमांकासाठी (म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक) संमतीपत्र मागवलं होतं, ते तिरकं स्कॅन करून टाकलं होतं. नाव आधारवर आहे तसंच हवं, ही खरी महत्त्वाची ओळ शेवटच्या पानावर. गटावर तीन दिवस तोच गोंधळ.

दुसरी तक्रार थोडी वेगळी आहे, बायकोला ती पटत नाही. चाचणीचे गुण ॲपवर लगेच येतात. मुलगी घरी पोचायच्या आधी आम्हाला माहीत. एकदा म्हणाली, “बाबा, तुम्हाला सगळं आधीच कळतं, मग मी काय सांगू?” बारा वर्षांचं पोर आधीच कमी बोलायला लागलेलं असतं. जुन्या डायरीत शेरा यायचा, ‘पालकांनी भेटावे’, आणि काही पोरं ती डायरीच दडवायची, हेही खरं. पण गुण एक दिवस उशिरा पाठवले तर शाळेचं काय बिघडतं? पोरीला स्वतःहून सांगायला एक संध्याकाळ तरी मिळेल. बायको म्हणते, उगाच लाड.

पालकसभेचं फार लिहीत नाही. शनिवारी सकाळी रांग, प्रत्येकाला दोन मिनिटं, आणि ॲपवर दिसतात तेच गुण पुन्हा वाचून दाखवतात.

खरा उपयोग कशाचा झाला तर शाळेच्या साध्या लँडलाइनचा. गणिताच्या बाईंनी वर्गातल्या पालकांना सांगून ठेवलंय की बुधवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास त्या फोनजवळ असतात. मी कऱ्हाड स्टँडवरून, गाडी सुटायच्या आधी केला. (घाटात रेंज नसते, म्हणून स्टँडवरूनच.) मी काही विचारायच्या आधी त्यांनीच मला विचारलं : घरी गणित करते तेव्हा तोंडी सांगते का, लिहून काढते का? मी म्हटलं, तोंडीच, आणि बरोबर सांगते. मग तिथेच उलगडा झाला. तिला येतं, पायऱ्या लिहीत नाही, म्हणून चिन्ह मध्येच गळतं. हे बाईंना वर्गात दिसत नव्हतं आणि मला वहीत कळत नव्हतं. शिक्षकाने पालकाला काही विचारावं, अशी जागाच त्या ॲपमध्ये नाही. सगळा प्रवाह वरून खाली.

अजून एक. २०११च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे आमच्यासारख्या खासगी शाळेत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते. प्रत्येक इयत्तेतून एक पालक त्यात असतो, इच्छुकांमधून चिठ्ठी टाकून निवडलेला, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हावी लागते. म्हणजे सातवीचा आमचा माणूस आहे. तो कोण, हे मला शाळेच्या फलकापाशी उभं राहून शोधावं लागलं. ॲपमध्ये विद्यार्थ्यांच्या वाढदिवसाच्या फुग्यांना वेगळं पान आहे, समितीची नावं आणि इतिवृत्त टाकायला नाही.

कंपनीचं कोणी वाचत असेल तर : विषयवार बटण द्या, निरोप मराठीत येऊ द्या, आणि ‘रिझॉल्व्ड’ म्हणण्याआधी उत्तर कोणी दिलं त्याचं नाव दाखवा. एवढं केलं तर चार देईन. पालकांना सांगायचं तर विषयशिक्षकांची फोनची वेळ जूनमध्येच विचारून घ्या. सत्र परीक्षेचे पेपर हातात आले की सगळेच विचारायला लागतात, मग तो अर्धा तास कोणालाच पुरत नाही.