चित्रपटातील प्राण्याचे पूर्णाकृती शिल्प: फायबरग्लास की सिलिकॉन?

मातीतले मूळ शिल्प तयार झाले, साचाही निघाला; आता ओतकाम कशात करावे, असा पेच एका शिल्पकार मैत्रिणीपुढे आहे. माझ्या मते निर्णय प्राण्याच्या कातडीवरून घ्यावा.

१९७९ च्या 'एलियन'मधील, स्विस चित्रकार एच. आर. गिगर यांच्या कल्पनेतून उतरलेला प्राणी पाहा. बरगड्या आणि नळ्यांनी विणलेली त्याची काळी, चकाकती काया कवचासारखी भासते. तिला फायबरग्लासच शोभते. काही मिलिमीटर जाडीचे पोकळ कवच माणसाहून उंच असूनही हलके राहते, आतला लोखंडी सांगाडा भार पेलतो आणि तडा गेलाच, तर तो भरून, घासून पुन्हा रंगवता येतो. खर्चही बराच कमी.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधील गोलमसारख्या उघड्या, सुरकुतलेल्या देहाची गोष्ट वेगळी. सिलिकॉनमध्ये प्रकाश किंचित आत शिरतो, म्हणून कानाची पाळी खरोखर मांसल वाटते. ही किमया फायबरग्लासवर कितीही रंग चढवून साधत नाही. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. केस सुईने एकेक रोवावे लागतात, धूळ चिकटते, बोटांच्या बेचक्यांत ते फाटते आणि त्यावर सिलिकॉनचाच रंग टिकतो. साच्यात गंधकयुक्त मातीचा अंश उरला, तर प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारा प्रकार) तिथे आळतच नाही. बोट लावले की चिकट लागते.

कवचधारी किंवा खवल्यांचा प्राणी मोकळ्या दालनात ठेवायचा असेल, तर फायबरग्लास घ्यावे. काचेआड, जवळून न्याहाळण्याच्या चेहऱ्यासाठी सिलिकॉनच हवे.